निर्वातातील विद्युत मोटर आणि उष्णतेचे नियोजन : क्ष-किरण नलिकेपासून चांद्रवाहनापर्यंत

सारांश :
विद्युत मोटर चालताना तापते आणि ही उष्णता सामान्यतः सभोवतालची हवा वाहून नेते. निर्वातात हवा नसल्यामुळे थंड होण्याचा हा नेहमीचा मार्ग बंद होतो. तरीही रुग्णालयातील क्ष-किरण नलिकेत, चंद्राच्या पृष्ठभागावर आणि सूर्याजवळून जाणाऱ्या अंतराळयानांत विद्युत मोटरी काम करीत आलेल्या आहेत. मोटरमध्ये उष्णता कोठे निर्माण होते, निर्वातात ती कोणत्या मार्गांनी बाहेर पडते, मोटरचे कोणते घटक प्रथम निकामी होतात आणि अभियंत्यांनी त्यावर कोणते उपाय योजले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उष्णता सहन करणारे पदार्थ महत्त्वाचे असले, तरी त्याहून अधिक महत्त्व उष्णतेच्या मार्गाच्या आखणीस आहे, हे या विवेचनातून स्पष्ट होते.

बीजसंज्ञा : विद्युत मोटर, निर्वात, प्रारण, विद्युतरोधक, वंगण, फिरते धनाग्र, क्ष-किरण नलिका, चांद्रवाहन.

प्रस्तावना :
ग्रामीण महाराष्ट्रात 'मोटर जळाली' हा शब्दप्रयोग सर्वपरिचित आहे. शेतीपंपाची मोटर जळते तेव्हा प्रत्यक्षात काय जळते, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. मोटरच्या गुंडाळीतील तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. मोटर त्या तापमानापर्यंत जाण्याच्या कितीतरी आधी बंद पडलेली असते. जळते ते तांब्याच्या तारेवरील विद्युतरोधक आवरण. ते नष्ट झाले की शेजारशेजारचे वेढे एकमेकांशी जोडले जातात आणि संपूर्ण गुंडाळी निकामी होते. कूपनलिकेतील पाणबुडी मोटर पाणी आटल्यावर कोरडी चालली तर थोड्याच वेळात जळते, याचेही कारण हेच आहे. तिच्याभोवतीचे पाणी केवळ उपसण्यासाठी नसते, ते तिला थंडही ठेवते.

या उदाहरणातून एक मूलभूत गोष्ट लक्षात येते. मोटरचे आयुष्य तिच्यात किती उष्णता निर्माण होते यावर जितके अवलंबून असते, तितकेच ती उष्णता किती सुलभतेने बाहेर पडते यावरही अवलंबून असते. जमिनीवरील मोटरला या कामी हवा साहाय्य करते. मोटरच्या मागील टोकास बसविलेला पंखा आणि कवचावरील उभ्या पट्ट्या यांचे प्रयोजन तेच आहे. हवाच काढून घेतली तर काय घडेल आणि त्यातच सभोवतालचे तापमान शेकडो अंशांवर गेले तर मोटर चालविता येईल काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय अंतराळविज्ञानापुरता मर्यादित नाही. सी.टी. स्कॅन करणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या गाभ्यात निर्वातात फिरणारा एक तप्त रोटर असतो आणि तो थांबला तर तपासणीही थांबते.

१. मोटरमधील उष्णतेचे उगम :
मोटरला पुरविलेल्या विद्युत ऊर्जेचा मोठा भाग यांत्रिक कार्यात रूपांतरित होतो. उरलेला भाग उष्णता बनतो. या उष्णतेचे तीन प्रमुख उगम आहेत. पहिला उगम म्हणजे गुंडाळीचा रोध. प्रवाह दुप्पट झाला तर येथील उष्णता चौपट होते. दुसरा उगम म्हणजे लोखंडी गाभा. त्यातील चुंबकन सतत उलटसुलट होत असल्याने आणि त्यात भोवरा प्रवाह निर्माण होत असल्याने तो तापतो. तिसरा उगम म्हणजे बेअरिंगमधील घर्षण. निर्वातात हवेशी होणारे घर्षण नाहीसे होते, हा एक लाभ खरा. परंतु तो अल्प आहे.

यात एक धोकादायक साखळी दडलेली आहे. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशास सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवरील गुंडाळी २०० अंशांपर्यंत तापली, तर तिचा रोध सुमारे १.७ पट होतो. प्रवाह तेवढाच ठेवला तर उष्णताही १.७ पट निर्माण होते आणि तापमान आणखी वाढते. उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग पुरेसा असेल, तर ही साखळी एका समतोलापाशी थांबते. मार्ग अपुरा असेल, तर ती मोटर जळेपर्यंत थांबत नाही.

२. निर्वातातील उष्णतेचे मार्ग :
उष्णतेच्या संक्रमणाचे वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन प्रकार शालेय स्तरावर शिकविले जातात. अभिसरणास वाहणारा द्रव किंवा वायू लागतो. त्यामुळे निर्वातात ते अस्तित्वात नसते. उरतात ते दोन मार्ग. वहनाने उष्णता धातूच्या आधारातून यंत्राच्या सांगाड्यात जाते, तर प्रारणाने ती पृष्ठभागावरून अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते. वहनामुळे उष्णता केवळ एका जागेहून दुसऱ्या जागी जाते. निर्वातात तरंगणाऱ्या यानाबाहेर तिला अखेर प्रारणानेच पडावे लागते.

प्रारणाचा नियम स्टेफान यांनी १८७९ मध्ये प्रयोगांवरून मांडला आणि बोल्ट्झमान यांनी १८८४ मध्ये त्यास सैद्धांतिक आधार दिला. पृष्ठभागावरून बाहेर पडणारी ऊर्जा ही निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते, असा हा नियम आहे. पृष्ठभागाच्या स्वरूपानुसार तिला उत्सर्जकतेच्या गुणकाने गुणावे लागते. काळ्या रंगाच्या लेपाची उत्सर्जकता ०.८ किंवा त्याहून अधिक असते, तर चकचकीत ॲल्युमिनियमची सुमारे ०.०५ असते.

याचा व्यावहारिक अर्थ एका गणिताने स्पष्ट होईल. १ किलोवॅट यांत्रिक शक्ती देणारी आणि ८५ टक्के कार्यक्षमतेची मोटर घेतली, तर तिच्यात सुमारे १७६ वॅट उष्णता निर्माण होते. तिच्या कवचाचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर आहे, सभोवतालच्या भिंती २७ अंशांवर आहेत आणि उष्णता केवळ प्रारणानेच बाहेर पडते असे मानू. कवचाची उत्सर्जकता ०.८ असेल तर समतोल साधण्यासाठी कवचाचे तापमान सुमारे १९० अंश सेल्सिअस व्हावे लागते. तेच कवच चकचकीत ॲल्युमिनियमचे असेल तर हे तापमान ६०० अंशांच्या पुढे जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, हे लक्षात घेता अशी मोटर चालणे अशक्यच होय. गुंडाळीचे तापमान तर कवचापेक्षाही अधिक असणार. हवेत केवळ सौंदर्याची बाब ठरणारा पृष्ठभागाचा रंग निर्वातात मोटरच्या अस्तित्वाचा प्रश्न बनतो.

या नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चतुर्थ घातामुळे निरपेक्ष तापमान चौपट झाले की प्रारण २५६ पट होते. १० सेंटिमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी काळी चकती १०० अंश सेल्सिअसला अवघी १४ वॅट ऊर्जा बाहेर टाकते. तीच चकती सुमारे १२३० अंशांवर लालपिवळी तापली म्हणजे ३.६ किलोवॅट बाहेर टाकू शकते. म्हणजे अतितप्त वस्तू निर्वातात स्वतःच स्वतःस थंड करण्यास समर्थ असते. खरी अडचण मधल्या तापमानांवर होते. ज्या दीडशे-दोनशे अंशांवर मोटरचे नाजूक घटक टिकाव धरतात, तेथे प्रारण दुर्बळ असते. जेथे ते प्रबळ होते, तेथे हे घटक टिकत नाहीत. निर्वातातील मोटरची संपूर्ण रचना या विसंगतीभोवती फिरते.

३. मोटरचे दुर्बळ घटक :
३.१ विद्युतरोधक आवरण : विद्युतरोधकांचे तापमानानुसार वर्ग केलेले आहेत. 'बी' वर्ग १३० अंशांपर्यंत, 'एफ' वर्ग १५५ अंशांपर्यंत, तर 'एच' वर्ग १८० अंशांपर्यंत वापरला जातो. कार्यतापमान सुमारे १० अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा व्यवहारात रूढ झालेला ठोकताळा आहे. आवरणाचा ऱ्हास ही रासायनिक अभिक्रिया असून तापमानाबरोबर तिचा वेग झपाट्याने वाढतो, हे त्यामागील कारण होय. पॉलिइमाइड वर्गातील आवरणे २२० अंश आणि त्याहूनही अधिक तापमानास वापरता येतात. त्यापलीकडे सेंद्रिय पदार्थांची मर्यादा संपते आणि चिनी मातीसारख्या असेंद्रिय आवरणांचा आधार घ्यावा लागतो. ही आवरणे उष्णता सहन करतात, परंतु ठिसूळ असल्याने तार वळविताना तडकतात.

निर्वातात आणखी एक अडचण उद्भवते. तापलेल्या प्लॅस्टिक, रंग आणि डिंकसदृश पदार्थांतून बाष्पशील घटक बाहेर पडतात आणि जवळच्या थंड पृष्ठभागावर, उदाहरणार्थ भिंगावर किंवा आरशावर, साचतात. म्हणून अंतराळात वापरावयाच्या पदार्थांची प्रमाणित चाचणी घेतली जाते. पदार्थ निर्वातात १२५ अंशांवर २४ तास ठेवला जातो. त्याच्या वस्तुमानातील घट १ टक्क्याहून अधिक आणि साचणाऱ्या अंशाचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक नसावे, असा निकष सामान्यतः लावला जातो. बाहेर पडलेले वायू गुंडाळीच्या आसपास कोंडले तर निर्वात अपुरा होतो. अशा विरळ वायूत काहीशे व्होल्टलाही विद्युत विसर्जन सुरू होऊ शकते. अशा प्रकारे उष्णतेचा प्रश्न विद्युतरोधनाचा प्रश्न बनतो.

३.२ स्थायी चुंबक : आजच्या अनेक लहान मोटरींत निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक असतात. हे अत्यंत प्रबळ असले तरी त्यांचे क्यूरी तापमान सुमारे ३१० अंश आहे आणि सामान्य प्रकारांचे चुंबकत्व त्याच्या बरेच आधी कायमचे घटू लागते. समेरियम-कोबाल्ट चुंबक काहीसे कमी प्रबळ आहेत. परंतु त्यांच्या एका प्रकाराचे क्यूरी तापमान ८०० अंशांच्या आसपास असून ते सुमारे ३०० ते ३५० अंशांपर्यंत वापरता येतात. उष्ण वातावरणातील मोटरींत म्हणूनच त्यांना प्राधान्य मिळते. रोटरची स्थिती सांगणाऱ्या अर्धवाहक संवेदकांच्या जागीही अशा वेळी रिझॉल्व्हर हे केवळ तारेच्या गुंडाळ्यांचे साधन बसविणे श्रेयस्कर ठरते.

३.३ वंगण आणि ब्रश : नेहमीचे तेल निर्वातात बाष्परूपाने उडून जाते. त्याऐवजी अतिशय कमी बाष्पदाब असलेली फ्लोरिनयुक्त तेले किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखी कोरडी वंगणे वापरली जातात. याबाबत ग्रॅफाइटचे उदाहरण उद्बोधक आहे. ग्रॅफाइट हे स्वभावतःच वंगण आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अतिउंचावरून उडणाऱ्या विमानांतील विद्युत यंत्रांचे कार्बन ब्रश अल्पावधीत झिजून त्यांची भुकटी होत असल्याचे आढळले. रॉबर्ट सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून याचा उलगडा झाला. ग्रॅफाइटचा निसरडेपणा त्याच्या थरांवर अधिशोषित झालेल्या पाण्याच्या बाष्पामुळे टिकतो. बाष्प नसेल तर ग्रॅफाइट घासले जाऊन झिजते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे वर्तन याच्या नेमके उलट आहे. ते निर्वातात उत्तम काम करते आणि दमट हवेत बिघडते. पृथ्वीवर पदार्थाचा गुणधर्म म्हणून जे नोंदविले जाते, त्यात हवेचा वाटा किती असतो, हे यावरून ध्यानात येते. निर्वातात ब्रशविरहित मोटरींकडे अभियंत्यांचा कल असण्यामागेही हे एक कारण आहे.

४. क्ष-किरण नलिका : दोन जगांत विभागलेली मोटर :
निर्वात आणि आत्यंतिक उष्णता यांचा एकत्रित सामना करणाऱ्या मोटरचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण अंतराळात नसून रुग्णालयात आहे. क्ष-किरण नलिकेत ऋणाग्रातून निघालेले इलेक्ट्रॉन उच्च विद्युतदाबाने वेगवान होऊन धनाग्रावर आदळतात. त्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे १ टक्काच क्ष-किरणांत रूपांतरित होते. उरलेली जवळपास ९९ टक्के उष्णता होते. १२० किलोव्होल्ट दाब आणि ५०० मिलिअँपिअर प्रवाह असेल तर ६० किलोवॅट शक्ती काही चौरस मिलिमीटर क्षेत्रावर केंद्रित होते. टंगस्टनचा वितळबिंदू ३४२२ अंश असला, तरी स्थिर धनाग्र हा मारा सहन करू शकत नाही.

यावरील उपाय म्हणजे धनाग्र फिरते ठेवणे. फिलिप्स कंपनीत अल्बर्ट बाउवर्स यांच्या कार्यातून १९२९ मध्ये 'रोटालिक्स' ही फिरत्या धनाग्राची नलिका व्यवहारात आली. ४५ मिलिमीटर त्रिज्येचा पट्टा सेकंदाला ५० फेऱ्या घेत असेल, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर होतो. १ मिलिमीटर रुंदीच्या झोताखाली पट्ट्यावरील कोणताही बिंदू एका फेरीत सेकंदाचा केवळ ७० दशलक्षांश भाग राहतो आणि पुढील फेरीपर्यंत त्याला सुमारे २० सहस्रांश सेकंदांची उसंत मिळते. उष्णता तेवढीच राहते. मात्र ती एका ठिपक्याऐवजी संपूर्ण वर्तुळावर पसरते.

परंतु ही चकती फिरवावयाची कशी? उच्च निर्वातात मोटर बसविली तर तिच्या गुंडाळीतून वायू बाहेर पडतील आणि निर्वात बिघडेल. शिवाय धनाग्र हजारो व्होल्ट दाबावर असते. यावरील उत्तर प्रवर्तन मोटरच्या मूळ तत्त्वात दडलेले होते. प्रवर्तन मोटरच्या रोटरला तार जोडावी लागत नाही, ब्रश लागत नाहीत आणि स्थायी चुंबकही लागत नाही. स्टेटरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे रोटरमध्ये प्रवाह प्रवर्तित होतात आणि तो फिरू लागतो. चुंबकीय क्षेत्र काचेतून आणि निर्वातातून विनासायास पार होते. म्हणून अभियंत्यांनी मोटरचे दोन भाग केले. गुंडाळी आणि विद्युतरोधक असलेला स्टेटर नलिकेबाहेर, थंड तेलात राहिला. नलिकेच्या आत केवळ तांब्याचे नळकांडे आणि लोखंडी गाभा असलेला रोटर गेला. मागील विभागात सांगितलेल्या दुर्बळ घटकांपैकी विद्युतरोधक निर्वाताबाहेर राहिले, तर चुंबक आणि ब्रश यांची गरजच उरली नाही. आत राहिले ते फक्त बेअरिंग.

या रचनेची किंमतही मोजावी लागते. मध्ये नलिकेची भिंत आल्याने स्टेटर आणि रोटर यांतील अंतर वाढते आणि मोटरची कार्यक्षमता घटते. रोटरला अपेक्षित वेग देण्यासाठी प्रारंभी स्टेटरला मोठा प्रवाह द्यावा लागतो आणि नंतर तो कमी केला जातो. क्ष-किरण कक्षात तंत्रज्ञाने बटन अर्धे दाबल्यावर प्रतिमा घेण्यापूर्वी जी घरघर ऐकू येते, ती या रोटरच्या वेग घेण्याचीच होय.

उरलेल्या दुर्बळ घटकाचे, म्हणजे बेअरिंगचे, रक्षण उष्णतेच्या मार्गाची आखणी करून केले जाते. चकतीचा देह मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचा आणि पट्टा टंगस्टन-ऱ्हेनियमचा असतो. मोठ्या नलिकांत चकतीस मागून ग्रॅफाइट जोडतात. ते उष्णता साठविते आणि काळे असल्याने उत्तम प्रारण करते. चकती आणि रोटर यांना जोडणारा दांडा बारीक ठेवतात. तो मॉलिब्डेनमसारख्या तापमानसह धातूचा असतो; परंतु त्याचा छेद लहान असल्याने त्यातून बेअरिंगकडे जाणारी उष्णता मर्यादित राहते. रोटरचा पृष्ठभाग काळा करतात, जेणेकरून दांड्यातून आलेली उष्णताही प्रारणाने बाहेर पडावी. येथे प्रारणाच्या चतुर्थ घाताचा उपयोग अत्यंत कौशल्याने केलेला आहे. चकती मुद्दाम तप्त राहू दिली जाते, कारण तप्त असल्यानेच ती उष्णता बाहेर टाकते. बेअरिंगकडील मार्ग मात्र अरुंद केला जातो.

तरीही बेअरिंग शेकडो अंशांपर्यंत तापते. तेथे तेल टिकत नाही. म्हणून पोलादी गोळ्यांवर चांदी किंवा शिसे या मऊ धातूंचा पातळ थर देतात. हा थर झिजला की आवाज वाढतो, चकती डगमगते आणि अखेर नलिका बदलावी लागते. फिलिप्सने १९८९ च्या सुमारास गॅलियमच्या द्रवरूप मिश्रधातूवर फिरणारे बेअरिंग प्रत्यक्ष वापरात आणले. सर्पिल खाचांमुळे फिरताना द्रवात दाब निर्माण होतो आणि धातूचा धातूस स्पर्श होत नाही. द्रव धातूतून उष्णताही बाहेर नेता येते. म्हणजे बेअरिंगकडील जो मार्ग पूर्वी बंद ठेवावा लागे, तोच उष्णतेच्या निचऱ्यासाठी खुला झाला. सिमेन्सच्या २००३ मधील 'स्ट्रॅटॉन' नलिकेत याहून मूलगामी पाऊल उचलले गेले. तीत धनाग्रासह संपूर्ण नलिकाच तेलात फिरते. बेअरिंग निर्वाताबाहेर येते आणि धनाग्राची मागील बाजू थेट तेलाने थंड होते.

वर्दळीच्या रुग्णालयात या प्रश्नाचे स्वरूप केवळ तांत्रिक राहत नाही. जुन्या नलिकांत मोठ्या तपासणीनंतर धनाग्र थंड होईपर्यंत थांबावे लागे आणि तेवढा वेळ पुढचा रुग्णही थांबून राही. बेअरिंग कायमचे अडकले तर संपूर्ण यंत्र बंद पडते. रुग्णाचा प्रतीक्षाकाळ आणि प्रारणाचा नियम यांचा संबंध असा थेट आहे.

५. अंतराळातील मोटरी : तीन भिन्न धोरणे :
क्ष-किरण नलिकेला एक सोय उपलब्ध असते; भिंतीपलीकडे थंड तेल असते. अंतराळात भिंतीपलीकडेही निर्वातच असतो आणि तेथे दुरुस्तीसाठी कोणीही पोहोचत नाही. त्यामुळे तेथे वेगळी धोरणे अवलंबावी लागली.

पहिले धोरण म्हणजे थोडे वातावरण सोबत नेणे. अपोलो १५, १६ आणि १७ या मोहिमांतून १९७१ आणि १९७२ मध्ये चंद्रावर विद्युत वाहने नेण्यात आली. प्रत्येक वाहनाच्या चारही चाकांना पाव अश्वशक्तीची स्वतंत्र एकदिश मोटर आणि ८० : १ प्रमाणाची वेगघट यंत्रणा होती. या मोटरी ब्रशच्या होत्या. ब्रशची झीज, वंगणाचे बाष्पीभवन आणि उष्णतेचा निचरा या तिन्ही प्रश्नांवर एकच उपाय योजला गेला. मोटर आणि तिची यंत्रणा हवाबंद कवचात ठेवून त्यात सुमारे अर्ध्या वातावरणाइतक्या दाबाचा वायू भरण्यात आला. वाहनाच्या बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांची उष्णता मात्र वितळणाऱ्या पदार्थात तात्पुरती साठवून, वाहन थांबल्यावर धूळरोधक झाकणे उघडून अंतराळात सोडली जात असे. उष्णता तत्काळ बाहेर टाकता येत नसेल, तर ती साठवून योग्य वेळी टाकावी, हा विचार त्यामागे होता.

काळाची निवड हाही या धोरणाचाच भाग होय. चंद्रावर विषुववृत्ताजवळ भर दुपारी पृष्ठभाग सुमारे १२० अंशांपर्यंत तापतो. अपोलो मोहिमा चांद्रदिवसाच्या सकाळी उतरत. सूर्य क्षितिजाजवळ असल्याने लांब सावल्यांमुळे भूरचना स्पष्ट दिसे आणि तापमानही सौम्य असे. शिवाय चंद्राच्या मातीत उष्णता सोडून देण्याचीही सोय नाही. भारताच्या चंद्रयान-३ मोहिमेतील 'चेस्ट' या उपकरणाने ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ मातीत तापमापक सळई खुपसून मोजमापे घेतली. प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या आलेखानुसार पृष्ठभागाजवळ ५० अंशांहून अधिक असलेले तापमान अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर शून्याखाली सुमारे १० अंश होते. एवढ्या कमी अंतरात एवढा फरक टिकून राहतो, याचा अर्थ ही माती उष्णतेची अत्यंत मंदवाहक आहे. म्हणून तेथील वाहनाला आकाश हाच उष्णता सोडण्याचा खरा मार्ग उरतो.

दुसरे धोरण म्हणजे सावलीत राहणे. १२ ऑगस्ट २०१८ रोजी प्रक्षेपित झालेले 'पार्कर सोलर प्रोब' हे यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यपृष्ठापासून सुमारे ६१ लाख किलोमीटर अंतरावरून गेले. सुमारे ११.५ सेंटिमीटर जाडीची कार्बनची ढाल त्याचे रक्षण करते. तिची सूर्याकडील बाजू सुमारे १४०० अंशांपर्यंत तापू शकते, अशा अपेक्षेने ती बनविलेली आहे. यानाची सौरपटले सूर्याजवळ जाताना ढालीमागे ओढून घेतली जातात आणि त्यांची केवळ टोके प्रकाशात राहतात. त्यांना पाण्याने थंडही ठेवले जाते. हे ओढून घेण्याचे काम विद्युत चालक यंत्रणाच करते. ती यंत्रणा स्वतः ढालीच्या छायेत असल्याने तिला १४०० अंश सहन करावे लागत नाहीत. तिने वेळेवर आणि अचूक कोनात हलणे मात्र अत्यावश्यक असते. २०२० मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'सोलर ऑर्बिटर' यानातही सूर्यसान्निध्याच्या काळात मुख्य अँटेना यानामागील सावलीत घेण्याची योजना आहे.

तिसरे धोरण सर्वांत साधे आणि म्हणूनच सर्वांत विचारप्रवर्तक आहे; ते म्हणजे मोटरच न ठेवणे. बुधाभोवती २०११ ते २०१५ या काळात फिरलेल्या 'मेसेंजर' यानाला पृथ्वीकडील संदेशझोताची दिशा सतत बदलावी लागे. त्यासाठी तबकडीची अँटेना मोटरने फिरविणे हा रूढ मार्ग होता. बुधाजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीच्या तुलनेत ११ पटींपर्यंत तीव्र असतो. अशा ठिकाणी उघड्यावरील फिरती यंत्रणा धोक्याची ठरली असती. म्हणून विद्युत लहरींच्या कलेत बदल करून झोत वळविणारी, कोणताही हलणारा भाग नसलेली अँटेना वापरण्यात आली.

६. विवेचनाचा मथितार्थ :
वरील सर्व उदाहरणे एकत्र पाहिली असता एक सूत्र हाती लागते. अतितप्त निर्वातात चालणारी मोटर म्हणजे अतितापमान सोसणारी मोटर, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात अभियंत्यांनी प्रथम विचारलेला प्रश्न 'कोणता पदार्थ टिकेल?' हा नसून 'कोणता घटक येथे असलाच पाहिजे?' हा होता. क्ष-किरण नलिकेत गुंडाळी बाहेर काढली गेली, 'स्ट्रॅटॉन'मध्ये बेअरिंगही बाहेर आले, चांद्रवाहनात मोटरभोवती वायू ठेवला गेला, 'पार्कर'मध्ये सावली निर्माण केली गेली आणि 'मेसेंजर'मध्ये मोटरच वगळली गेली. आवश्यक घटक निश्चित झाल्यावर दुसरा प्रश्न येतो. त्याची उष्णता कोणत्या मार्गाने आणि केव्हा बाहेर जाईल? उष्णतासह पदार्थांचा विचार या दोन प्रश्नांनंतर येतो. समेरियम-कोबाल्ट, पॉलिइमाइड किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्यांचे स्थान मात्र निश्चित होते.

अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. स्टेफान-बोल्ट्झमान नियम भौतिकशास्त्राच्या वर्गात, आवरणाच्या ऱ्हासाचा वेग रसायनशास्त्राच्या वर्गात आणि प्रवर्तन मोटर विद्युत अभियांत्रिकीत शिकविली जाते. एका क्ष-किरण नलिकेत हे तिन्ही विषय एकत्र येतात आणि त्यांपैकी एकही वगळून तिचे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही. वर दिलेली गणिते पदवीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगी आहेत.

निष्कर्ष :
१. निर्वातात अभिसरण नसल्याने मोटरची उष्णता वहन आणि प्रारण यांनीच बाहेर पडते. त्यामुळे पृष्ठभागाची उत्सर्जकता आणि आधाराची रचना या निर्णायक बाबी ठरतात.
२. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताने वाढत असल्याने अतितप्त भागांपेक्षा मध्यम तापमानावरील नाजूक भागांचे रक्षण अधिक कठीण असते.
३. विद्युतरोधक, स्थायी चुंबक आणि वंगण हे मोटरचे प्रमुख दुर्बळ घटक असून प्रवर्तन मोटरमध्ये यांपैकी बहुतेक घटक निर्वाताबाहेर ठेवता येतात किंवा वगळता येतात.
४. क्ष-किरण नलिका, चांद्रवाहन आणि सूर्यसमीप याने यांतील उपाय बाह्यतः भिन्न असले, तरी उष्णतेचा मार्ग आखणे आणि दुर्बळ घटक त्या मार्गातून दूर ठेवणे हे त्यांचे समान तत्त्व आहे.

पाणी आटलेल्या कूपनलिकेत जळणारी मोटर आणि निर्वातात वर्षानुवर्षे फिरणारा रोटर यांतील भेद केवळ उंची तंत्रज्ञानाचा नाही. पहिलीला उष्णता वाहून नेणारा मार्ग अचानक गमवावा लागतो. दुसऱ्यासाठी तो मार्ग नाही हे आधीच गृहीत धरून दुसरा आखलेला असतो.